मसाल्याच्या डब्यातले सहा रंग

ऋतू पालटला की कापडबाजारात नवा माल येतो, आणि प्रसाधनांच्या दुकानातही येतो. वसंत-ग्रीष्म आणि शरद-शिशिर असे पाश्चात्त्य फॅशनचे दोन मोठे हंगाम मानले जातात. प्रत्येक हंगामात काचेच्या कपाटात नेलपॉलिशच्या बाटल्यांची नवी रांग लागते. गेल्या काही दशकांत त्या रांगेवर प्रसाधन कंपनीच्या नावाशेजारी एखाद्या वस्त्रकाराचे नावही झळकू लागले आहे. अशा संयुक्त संग्रहांपैकी बहुतेक त्या हंगामाबरोबरच विसरले जातात. मात्र २०१२ च्या वसंतात आलेला एक संग्रह मराठी-गुजराती घरांनी मुद्दाम पारखावा असा आहे, कारण त्यातील रंगांची नावे थेट भारतीय मसाल्यांच्या आणि औषधी मुळ्यांच्या बाजारातून उचललेली होती.

हा संग्रह नार्स या कंपनीचा आणि न्यूयॉर्कचे वस्त्रकार थाकून पानिचगुल यांचा. अमचूर, अनारदाणा, लाल मिरची, रतनजोत, कुटकी आणि कोलियरी असे सहा रंग त्यात होते. विक्री मर्यादित काळापुरती होती आणि त्या बाटल्या आता दुकानात मिळत नाहीत. तरीही तशा छटा प्रत्येक उन्हाळ्यात निरनिराळ्या नावांनी परत येतात. म्हणून या सहांची पारख आजही उपयोगी पडते.

हंगामी रंगाची कल्पना मुळात व्यापाऱ्याची आहे. नेलपॉलिशची पंधरा मिलिलिटरची बाटली एका स्त्रीकडून क्वचितच संपते. बहुधा ती अर्धी असतानाच घट्ट होऊन बाद होते. वापरून न संपणारा माल दुसऱ्यांदा कसा विकायचा, हा या धंद्यापुढचा जुना प्रश्न. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स व जोसेफ रेव्हसन या बंधूंनी चार्ल्स लॅकमन यांच्यासह रेव्हलॉन कंपनी सुरू केली. त्या नावातील ‘ल’ लॅकमन यांचा. त्या काळी प्रचलित असलेल्या पारदर्शक रंगांऐवजी त्यांनी रंगद्रव्य घातलेले, नख पूर्ण झाकणारे पॉलिश विकले, तेही प्रथम केशरचनेच्या सलोनांतून. १९४० मध्ये ओठ आणि बोटे यांचा रंग जुळवण्याची जाहिरात त्यांनी केली आणि एका खरेदीच्या दोन खरेद्या झाल्या. हंगामागणिक नवी छटा आणि तिला लक्षात राहील असे नाव, ही या घराण्याची रीत पुढे साऱ्या धंद्याने उचलली.

वस्त्रकाराचे नाव जोडण्यामागेही हाच हिशेब असतो. नामांकित वस्त्रकाराचा पोशाख ज्यांना परवडत नाही अशांची संख्या मोठी असते. त्याच्या नावाची छोटी बाटली मात्र त्यांच्या आवाक्यात येते. वस्त्रकाराला प्रसिद्धी मिळते, कंपनीला नवलाई मिळते. नार्सची सुरुवात १९९४ मध्ये बारा लिपस्टिकांवर झाली होती. संस्थापक फ्रान्स्वा नार्स हे व्यवसायाने रंगभूषाकार. २००० मध्ये कंपनी जपानच्या शिसेइडोकडे गेली.

थाकून पानिचगुल यांचा प्रवास व्यापारी घरांना रुचेल असा आहे. १९७४ मध्ये थायलंडमध्ये जन्म, अकराव्या वर्षी अमेरिकेतील ओमाहा येथे स्थलांतर, बॉस्टन विद्यापीठात व्यवसायशास्त्राचे शिक्षण, फॅशन मासिकातील नोकरी आणि २००४ मध्ये स्वतःचे वस्त्रघर. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिशेल ओबामा यांनी त्यांचा पोशाख घातला आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. भांडवल, पुरवठा आणि विक्रीपद्धत यांच्या फेरबदलात २०१७ मध्ये त्यांनी काम थांबवले व २०१९ मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू केले.

२०१२ च्या वसंतासाठी त्यांनी अमेरिकन गुराख्यांचा वेश आणि भारतीय रंग-नक्षी यांची सांगड घातली. वरवर पाहता ही जोडी विजोड वाटते, पण तिच्यात एक जुना धागा आहे. गुराख्याच्या गळ्यातील रुमालाला इंग्रजीत ‘बँडाना’ म्हणतात, आणि तो शब्द भारतातील बांधणीच्या रुमालांबरोबर तिकडे गेलेला आहे. त्या रुमालावरची नक्षी काश्मिरी शालीवरची कोयरी आहे. तिची नक्कल स्कॉटलंडच्या पेस्ली गावात विणली गेली, म्हणून पश्चिमेत तिला त्या गावाचे नाव मिळाले. कापडाच्या वाटेने भारत त्या वेशात आधीच पोहोचला होता. या संग्रहाने त्यात मसाल्याची भर घातली.

खाण्याच्या पदार्थावरून रंगाला नाव देणे मराठी कानाला नवे नाही. डाळिंबी, आमसुली, वांगी, केशरी, श्रीखंडी, बदामी, अंजिरी, पोपटी, मोरपंखी: साडीच्या दुकानातील ही सारी नावे स्वयंपाकघरातून, बागेतून आणि रानातून आलेली आहेत. त्या नावांना एक अलिखित शिस्त आहे. गिऱ्हाइकाने ती वस्तू पाहिलेली असते. म्हणून ‘आमसुली दाखवा’ म्हटले की दुकानदार गठ्ठ्यातून नेमकी तीच साडी ओढतो. नाव हा तिथे मालाचा नमुना असतो. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला मात्र ‘कुटकी’ हा केवळ एक अपरिचित, मोहक ध्वनी होता. त्यामुळे या सहा बाटल्यांना साडीच्या दुकानाची कसोटी लावणे न्याय्य ठरते: नाव घेतले की वस्तू डोळ्यांपुढे येते का, आणि बाटलीतील रंग तिच्याशी इमान राखतो का?

अमचूर. गव्हाळ, तुकतुकीत, त्वचेच्या जवळ जाणारा हा रंग. कैरीच्या चकत्या उन्हात वाळवून दळल्या की जी पूड मिळते ती ताजी असताना फिकट असते आणि जुनी होत जाते तशी तपकिरी होते. बाटलीतील रंग ताज्या पुडीचा आहे. कोयरीच्या नक्षीच्या संग्रहात कैरीची पूड असावी, हा योगही छान जुळला आहे. गव्हाळ हातावर असा रंग नख लांब दाखवतो, कार्यालयात खटकत नाही आणि थोडा निघाला तरी चटकन दिसत नाही. त्याचा शत्रू एकच, हळद. फिकट पॉलिशवर हळदीचा डाग बसतो आणि साबणाने जात नाही. ज्या हातांना रोज फोडणी घालावी लागते त्यांनी वरून पारदर्शक थर द्यावा.

अनारदाणा. गडद, जांभळटपणाकडे झुकलेला मद्यासारखा तांबडा. येथे एक बारकावा सांभाळला गेला आहे. साडीचा ‘डाळिंबी’ हा ताज्या दाण्याचा उजळ रंग. अनारदाणा म्हणजे डोंगराळ भागातील आंबट रानडाळिंबाचे वाळवलेले दाणे. वाळताना रंग आटून काळपट होतो. गोळ्या-चूर्णाच्या बरणीत दिसणारी ती खोल छटा बाटलीत उतरली आहे. इतक्या गडद रंगाची पाश्चात्त्य बाजारात पत वाढवली ती १९९४ मध्ये आलेल्या शनेलच्या काळपट लाल रंगाने. त्याआधी असे रंग सभ्य मानले जात नसत. भारतीय हाताला मात्र ही छटा सहज शोभते, कारण मेंदीचा पिकलेला रंग आणि ही छटा एकाच घराण्यातील आहेत. सोन्याच्या बांगड्या आणि जरीकाठ यांच्याशेजारी सहांपैकी हा रंग सर्वांत भारदस्त दिसतो. नखे मात्र आखूड ठेवावीत. लांब नखांवर तो जड होतो.

लाल मिरची. नारिंगीकडे कललेला, उजळ, प्रसन्न तांबडा. मसाल्याचा व्यापारी इथे क्षणभर थांबेल, कारण ‘लाल मिरची’ हा एक रंग नाही. रंगासाठी घेतली जाणारी ब्याडगी गडद लाल, सुरकुतलेली असते. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. लवंगी रंगापेक्षा तिखटासाठी घेतात. बाटलीतील रंग सालीचा नसून गरम तेलात तिखट पडल्यावर वर येणाऱ्या तवंगाचा आहे, असे मानले तर नाव पटते. आणखी एक गोष्ट आहे. फार चकचकीत लाल तिखट दिसले की जाणकार व्यापारी ते बोटांत चोळून पाहतो. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या तिखटात सुदान नावाचा औद्योगिक रंग सापडला आणि त्यानंतर तपासणीचे दाखले सक्तीचे झाले. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो तयार खाद्यपदार्थ त्याच कारणाने दुकानांतून परत घ्यावे लागले. तिखटात जी चमक संशयास्पद ठरते, तीच नखावर हवीशी असते. उन्हाळी सुती कपड्यांवर, पांढऱ्यावर आणि निळीवर हा रंग खुलतो. लाल साडीवर तो लावू नये; दोन लालांत नारिंगी झाक उघडी पडते.

रतनजोत. चुरडलेल्या जांभळ्या फुलांचा रंग. येथे प्रथम एक गैरसमज दूर करावा लागतो. महाराष्ट्रात ‘रतनज्योत’ म्हटले की कुंपणाला लावतात ती, बियांतून इंधनाचे तेल देणारी वनस्पती अनेकांना आठवते. मसाल्याच्या दुकानातील रतनजोत वेगळी. ती एका पहाडी वनस्पतीच्या मुळाची काळपट-जांभळी साल. तिचा रंग पाण्यात उतरत नाही, स्निग्ध पदार्थात उतरतो. म्हणून काश्मिरी पाकात ती गरम तुपा-तेलात सोडतात आणि तेल माणकासारखे लाल होते. हेच रंगद्रव्य क्षाराच्या संगतीत जांभळे-निळे होते. बाटलीतील जांभळा रंग स्वयंपाकघराला अनोळखी असला तरी मुळाशी प्रामाणिक आहे. सहांपैकी हेच नाव सर्वांत विचारपूर्वक योजलेले दिसते, जरी इंग्रजी लेबलावर त्याचे ‘रतिन जोत’ झाले होते. वांगी आणि राणी रंगाच्या मधली ही छटा पैठणीच्या जांभळ्याशी सुरेख जाते. सावळ्या हातावर ती अधिक खुलते.

कुटकी. मऊ, पिवळसर हिरवा, कोवळ्या पानासारखा. येथे नाव आणि माल यांची फारकत होते. कुटकी हा मसाला नाही. हिमालयात उंचावर वाढणाऱ्या वनस्पतीचे ते अत्यंत कडू मूळ असून आरोग्यवर्धिनीसारख्या आयुर्वेदीय औषधात ते प्रमुख असते. बाहेरून भुरकट, आतून काळसर. जंगलातून अति उपसा झाल्याने आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत तिचा समावेश आहे. कुटकी नावाचे एक बारीक भरड धान्यही मध्य भारतात पिकते, पण तेही हिरवे नसते. या बाटलीला साडीच्या दुकानात ‘फिकट पोपटी’ म्हटले असते आणि ते योग्य ठरले असते. रंग म्हणूनही तो अवघड आहे. ज्या त्वचेत मूळचीच पिवळी झाक आहे, तिच्यावर पिवळट हिरवा रंग बोटांना आजारी करतो. तरुण मुलींनी एखाद्या नखावर गंमत म्हणून लावावा, दहाही बोटांवर नको.

कोलियरी. गूढ निळा-हिरवा, साडीच्या भाषेत मोरपंखी आणि रामा रंग यांच्या मधला. मसाल्याच्या बाजारात हे नाव ओळखीचे नाही. भारतीय कानाला ते कोळशाच्या खाणीचे वाटते, आणि बाटलीत तर काळेपणाचा अंशही नाही. नावाच्या कसोटीवर ही बाटली नापास. गंमत अशी की रंग म्हणून तीच सहांत पहिली ठरावी. निळा आणि हिरवा यांचा तोल असा साधला आहे की गोऱ्या, गव्हाळ आणि सावळ्या अशा तिन्ही हातांवर तो शोभतो. चांदीच्या अंगठीशेजारी तर विशेष.

सहांपैकी चार नावे खरी, एक खोटे आणि एक निराधार, असा हा ताळेबंद आहे. नेलपॉलिशच्या जगात असे नामविलास नवे नाहीत. २०१० मध्ये आलेल्या एका प्रसिद्ध दीर्घकाळ टिकणाऱ्या नखलेपाचे नावच ‘शेलॅक’ आहे, पण त्यात लाख नाही. मुळात नखलेपाला इंग्रजीत ज्या शब्दाने संबोधतात तो ‘लॅकर’ शब्द लाखेवरूनच, म्हणजे संस्कृत ‘लाक्षा’ या शब्दाच्या वंशातून आलेला आहे. आजच्या लेपाचा पाया लाखेचा नसून नायट्रोसेल्युलोज या कापसापासून वा लाकडाच्या तंतूंपासून बनवलेल्या पदार्थाचा असतो. तो एसिटेट जातीच्या द्रावकांत विरघळवलेला असतो. द्रावक उडून जातो आणि नखावर पातळ पापुद्रा उरतो. नाव कवीचे असू शकते, पण लेबलाच्या मागची बारीक अक्षरे हिशेबनिसाची असतात, आणि घरात बाटली आणण्याआधी ती वाचावीत.

शाकाहारी घरांनी त्यात दोन शब्द विशेष पाहावेत. ‘गुआनीन’ किंवा ‘सीआय ७५१७०’ म्हणजे मोत्यासारखी चमक देणारा पदार्थ; तो माशांच्या खवल्यांपासून मिळतो. ‘कार्माइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ म्हणजे कोचिनिअल किड्यांपासून काढलेला लाल रंग. आज बहुतेक चमक अभ्रकाने आणि बहुतेक लाल रंग कृत्रिम द्रव्यांनी साधला जातो, पण गृहीत धरू नये. अनेक भारतीय बाटल्यांवर हिरवा ठिपका असतो, त्याने काम सोपे होते. प्राण्यांवरील चाचणीचा प्रश्न निराळा. भारताने २०१४ मध्ये अशा चाचण्यांवर आणि चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी घातली. परदेशातून कोणी भेट आणलेल्या बाटलीला हे कवच लागू होत नाही. नार्सने २०१७ मध्ये चीनमध्ये विक्री सुरू करण्याचे जाहीर केले तेव्हा तेथील कायदा आयात प्रसाधनांसाठी अशी चाचणी मागत होता, आणि कंपनीच्या अनेक जुन्या ग्राहकांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. चीनने २०२१ पासून सर्वसाधारण प्रसाधनांसाठी तो नियम काही अटींवर शिथिल केला. एकदा वाचलेले लेबल आणि एकदा ऐकलेली ख्याती कायमची मानू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

लावण्याची पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. नख तेलकट असेल तर लेप धरत नाही. आधी ते पुसून कोरडे करावे. गडद रंगाखाली, विशेषतः अनारदाणा आणि रतनजोत यांच्या जातीच्या रंगाखाली, पारदर्शक पायाथर द्यावा, नाहीतर काढल्यावर नखे पिवळी दिसतात. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे. मधे काही मिनिटे जाऊ द्यावीत आणि शेवटी नखाच्या टोकाची कडही रंगवावी. लेप तेथूनच निघू लागतो. घट्ट झालेल्या बाटलीत नखरंग काढण्याचे द्रावण ओतू नये, त्याने उरलेला रंगही बिघडतो. त्यासाठी वेगळा थिनर मिळतो. द्रावक ज्वालाग्राही असल्याने गॅसच्या शेगडीपाशी किंवा देवघरातील निरांजनापाशी बसून नखे रंगवू नयेत. कणीक मळण्याच्या हातांना रंग लावायचाच तर त्याचा टवका निघू लागताच तो पूर्ण काढून टाकावा.

येत्या हंगामात या सहांच्या जवळपासची छटा निवडायची असेल तर क्रम असा लावता येईल: रोजच्या वापराला अमचूर, लग्नकार्याला अनारदाणा, पैठणीला रतनजोत, उन्हाळी सुतीला लाल मिरची आणि एकच बाटली घ्यायची झाल्यास कोलियरी. दुकानातील पांढऱ्या दिव्याखाली निर्णय घेऊ नये. नमुन्याच्या बाटलीतून अंगठ्याच्या नखावर एक थर द्यावा, दाराशी येऊन उन्हात हात धरावा आणि जी साडी नेसायची तिचा काठ सोबत असल्यास तो शेजारी ठेवून पाहावा. तोपर्यंत बाटलीवरचे नाव वाचू नये.